गोळी घेतली, पंप टांगला

हुस्नबानो,

तुला जाऊन वर्ष झालं, तरी मला अजून तुझा रागच येतो. रडणाऱ्या बायका तुझ्या दारात पुष्कळ होत्या, म्हणून मी रडत बसले नाही. हे लिहिते आहे.

नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवर तुझं गादीघर. नवरा गेल्यावर पिंजण्याचं यंत्र तू चालवायला घेतलंस तेव्हा मोहल्ला हसला, आणि मग त्याच मोहल्ल्यानं मुलींच्या लग्नाच्या गाद्या तुझ्याकडूनच भरून घेतल्या. यंत्र सुरू झालं की दुकानात कापसाचं धुकं व्हायचं. तोंडाला ओढणी बांधायचीस, पण गिऱ्हाईक आलं की ती खाली. बोलल्याशिवाय तुला गादी विकताच यायची नाही! शेवटी छातीतून शिट्टी वाजायला लागली.

माझा भाचा आल्हाद खामगावात छातीचा डॉक्टर. मीच तुला त्याच्याकडे नेलं. दमा आहे, म्हणाला, श्वासनळ्या आतून सुजल्यात. स्टेरॉइडचा पंप दिला, सकाळ-संध्याकाळ तोंडानं ओढायचा. सूज थोडी हटली, पुरती हटेना. रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉलही वाढलेलं. तेव्हा त्यानं एक गोळी जोडली.

"ही चरबीची गोळी. कोलेस्टेरॉलसाठी ती तुम्हाला हवीच आहे. स्टेरॉइडच्या जोडीला दिली तर दम्याची सूज जास्त उतरते का, यावर अभ्यास चाललाय. खात्री कोणी देत नाही. पंप मात्र सोडायचा नाही. गोळी त्याची मदतनीस."

तू आपल्या काटकुळ्या मनगटाकडे पाहिलंस. "चरबी? माह्या अंगावर? कुठी हाये, डाक्टरसाब?"

"रक्तात."

"मोहल्ल्यात तं म्हनतात जिभेत हाये!"

आल्हाद हसला. मीही हसले.

आपल्याकडे पंप म्हटला की पाठीवरचा फवारणीचा. तू दुकानात पंप ओढलास की गिऱ्हाइकं टोमणे मारायची, "काय वं हुस्नबानो, कोनती अळी मारून राह्यली?" तू त्यांना पुरून उरायचीस. पण एक बाई हसली नाही. "टीबी तं नाई ना?" एवढं विचारलं आणि मुलीच्या लग्नाच्या गाद्या दुसरीकडे भरायला दिल्या. त्या दिवसापासून पंप गल्ल्याच्या पेटीत गेला.

त्यात भर तुझ्या भावाची. मोताळ्याकडे अकीलची शेती. बीटी कपाशी नवी होती, आणि बियाणेवाल्यानं सांगितलेलं तो तुझ्या दुकानात बसून जसंच्या तसं सांगायचा, "आपा, औषध बियान्यातच हाये. अळी पान खाते अन् मरते. म्या तं पंप खुंटीले टांगला." तू यंत्र बंद करून ऐकायचीस.

दिवाळीनंतर मी उशा भरून घ्यायला आले तर तू पायरीवर वाकून बसलेली. एका वाक्याला दोनदा थांबत होतीस.

"पंप ओढतेस ना?" मी विचारलं.

"नाई. गोळी घेते ना. इमानानं, रोज."

"आणि पंप काऊन सोडला?" रागात मी तुझ्याच बोलीवर आले.

"अवं सुलभाबाई, गोळी म्हंजे बीटी. औषध आतूनच. मंग वरतून फवारा कायले?"

मी कपाळावर हात मारला. "तू काय कपाशी आहेस? आणि बीटीची तरी फवारणी सुटली का? मावा, तुडतुडे बियाण्यातल्या औषधाला भीक घालत नाहीत. अकीलनं पंप केव्हाच पुन्हा पाठीवर घेतलाय. वर लाल्या रोग पडून सगळं शेत लाल झालं."

"हाव? मले नाई बोलला."

"नुकसानीचं कोण सांगत बसतो!"

तू ओढणीवरचा कापूस वेचून काढलास. मग खाली पाहत म्हणालीस, "टीबीवाली म्हनतात मले, बाई. दुकान बसन."

खरं कारण ते होतं. बीटीचं नुसतं निमित्त.

"दुकान वाचवायला श्वास लागतो," मी म्हटलं. "काढ तो पंप."

काढलास. ओढायचा कसा तेही विसरली होतीस, फुंकतच होतीस. मी ओरडले, तू हसलीस, हसताना पुन्हा खोकला. मी तिथूनच आल्हादला फोन केला. शुक्रवारी सकाळी घेऊन ये, म्हणाला, रक्त तपासायचंय, उपाशीपोटी आण, पंप कसा ओढतात तेही पाहतो.

दोनच दिवसांनी, बुधवारी, थंडीच्या रजयांचं काम अंगावर होतं. तू यंत्र लावलंस आणि कापसाच्या धुक्यात तुझा दम अडकला. शेजारच्यांनी बाजाराला आलेल्या अकीलला बोलावलं, त्यानं तुला ऑटोत घातलं. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत तुझे ओठ निळे पडले होते. बरेच दिवस वाढू दिलेली सूज दोन दिवसांच्या पंपानं उतरत नसते, हुस्नबानो. डॉक्टरांनी नाडीला हात लावला आणि ते बाजूला झाले.

शुक्रवारी आपण खामगावला जाणार होतो. येताना रजईच्या खोळीला लाल साटीनचा तागा घ्यायचा, असं तू बजावलं होतंस. नांदुऱ्याच्या साटीनचा रंग जातो म्हणून. तो मी अजून आणलेला नाही.