मोंबासाला गेलेले चाळीस कूलर

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल मी सांगू लागलो की बाहेरगावच्या लोकांना ते खोटं वाटतं, म्हणून मी मुद्दाम कमी करून सांगतो. मे महिन्यात इतवारीवरून बारा वाजता उडालेला कावळा सव्वाबाराला भाजून खाली यायचा, याच्यापुढे मी काही बोलत नाही. अशा गावात कूलर बनवणारा उपाशी मरणार नाही, या भरवशावर मी सरकारी कचेरीतली पक्की नोकरी सोडली आणि एका गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये कारखाना काढला. कारखाना म्हणजे मी, एक मिस्त्री आणि पत्रा कापायची कात्री.

ही बातमी भिवापूरला पोचली तेव्हा सासरे पहिल्याच एस.टी.ने आले. त्यांची तिथे मिरचीची अडत होती आणि मुलगी एकुलती एक. त्यांनी पाणी प्यायलं, टोपी मांडीवर ठेवली आणि अगदी मायेनं म्हणाले, "जावईबापू, उन्हाळा चार महिन्यांचा, पोट बारा महिन्यांचं. दोन वर्षं पाहा. नाही जमलं तं भिवापूरले या. माझी गादी तुमचीच आहे."

गादी म्हणजे घरजावई. गावात घरजावयावर कुत्रंसुद्धा वेगळ्या सुरात भुंकतं. शिवाय मिरची. मिरचीच्या पोत्याजवळून नुसता गेलो तरी मला एकवीस शिंका येतात, मोजून एकवीस. बायकोलाही जायचं नव्हतं; ती इथल्या शाळेत चौथीला शिकवायची. पण बापाचा शब्द तिनं खाली पडू दिला नसता, आणि मीही मान डोलावून बसलो होतो.

सासऱ्यांचं गणित मात्र खरं निघालं. पाऊस आला की आमची शेड ओस. बारा महिने उन्हाळा असलेलं गाव सापडलं तरच मी वाचणार होतो. आणि आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते गाव स्वतःच्या पायांनी शेडमध्ये चालत आलं.

एक शेठ होते, मूळचे कच्छचे, तीन पिढ्यांपासून आफ्रिकेत मोंबासाला दुकान. ते भाचीच्या लग्नाला नागपूरला आले. मांडवात आमचा कूलर लावलेला. शेठ त्याच्यासमोर बसले ते बसलेच. लग्न लागलं, पंगती उठल्या, वरात गेली, मांडवाचे बांबू निघाले, शेठ तिथेच घोरत. दुसऱ्या दिवशी पत्ता काढत आले.

"हमारे यहाँ बारह महीने गरमी है," ते म्हणाले.

मी खुर्ची पुढे ओढली. "पारा किती जाते, शेठ?"

"तीस. बहुत हुआ तो बत्तीस."

मिस्त्रीच्या हातातली कात्री थांबली. बत्तीस म्हणजे आमच्याकडे स्वेटर पेटीत टाकावा की आणखी आठ दिवस राहू द्यावा, असा विचार करायचे दिवस. शेठ चाळीस कूलर सांगून गेले आणि मिस्त्री हळूच म्हणाला, "भाऊ, बत्तीसले कूलर मागून राहिले. लय नाजूक लोक दिसतात गा."

"आपला कूलर सेहेचाळीसले गारठवते," मी म्हटलं. "तिथं तं बर्फ पाडन."

"मंग दुसऱ्या खेपेले स्वेटर बी पाठवू."

संध्याकाळी जेवताना बायकोला सगळं सांगितलं, बत्तीसच्या पाऱ्यासकट. तिनं पोळी वाढता वाढता विचारलं, "मोंबासाले समुद्र आहे न?"

"आहे. मग?"

"काही नाही. मृग लागला की आपण कूलर बंद करतो. चिकचिक होते म्हणून. तिथं बारा महिने तसंच असलं तं?"

"अवं, कूलरले पाणीच तर लागते. समुद्र म्हणजे पाण्याची सोयच झाली."

तिनं पुढची पोळी वाढली. चौथीच्या मास्तरीण बाईंना गप्प बसवलं, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

परवाने आणि शिक्के यांत दिवाळी गेली, संक्रांत गेली. मिस्त्रीनं चाळीस कूलरच्या जाळ्यांत खस भरली ती काडी काडी निवडून, सून पसंत करावी तशी. भर उन्हाळ्यात मी मुंबईहून कूलरांबरोबर बोटीत बसलो. मशीन लावून दाखवायला माणूस हवा, असं शेठनी कळवलं होतं. सासऱ्यांनी दिलेल्या दोन वर्षांतले जेमतेम तीन महिने उरले होते.

मोंबासाला पाय ठेवला आणि कोणीतरी माझ्या तोंडावर ओला टॉवेल टाकला. मी तो काढायला हात नेला. टॉवेल नव्हता. हवा होती.

ऊन आमच्या मानानं अगदीच पोरकट. पण नागपूरचा घाम बाहेर पडतो न पडतो तोच वाळतो. पस्तीस वर्षांत मी माझा घाम धड पाहिलासुद्धा नव्हता. इथे आमची पहिली भेट झाली, आणि तो काही केल्या मला सोडून जाईना. शेठच्या दुकानापर्यंत चालताना सदऱ्यातून इतकं पाणी गळलं की मागून येणारे लोक डबकं चुकवून चालत होते. चालता चालता मला पोळी वाढता वाढता बायकोनं विचारलेला समुद्र आठवला.

दुकानात शेठनी गावातली बडी माणसं बोलावलेली. एक हॉटेलवाला, एक डॉक्टर, शाळेचे मुख्याध्यापक, घरची म्हातारी आत्या. कूलरला हार, कुंकू. माघार घ्यायला जागाच नव्हती. मी बटण दाबलं.

पहिली पाच मिनिटं खसेचा असा वास सुटला की सगळ्यांनी डोळे मिटले. मग एकेकानं उघडले. भिंतीवरचं कॅलेंडर आपोआप गुंडाळलं गेलं. मुख्याध्यापकांच्या चष्म्यावर धुकं उतरलं. पाहुण्यांसाठी तळलेले पापड रुमालासारखे घडी घालता येऊ लागले. डॉक्टरांनी खरोखरच एक घडी घालून पाहिला. आत्या माझ्याकडे वळून अगदी गोडीनं म्हणाली, "बेटा, यह घर के अंदर बारिश लाने की मशीन है क्या?"

शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उठून बटण बंद केलं आणि मशीनकडे बघत एवढंच म्हणाले, "नागपूर में तो मैं सो गया था."

पाहुणे गेल्यावर त्यांनी सांगितलं की परतीची बोट चौदा दिवसांनी आहे. तोवर या डब्यांचा काही उपयोग काढ, नाहीतर चाळीसही घेऊन जा. मला समोर समुद्र दिसत होता, पण डोळ्यांपुढे लालभडक मिरचीचा ढीग होता, आणि ढिगाच्या टोकाला गादी.

चार दिवस मी शेठनी दुकानावर दिलेल्या खोलीत सुन्न बसून काढले. माझ्याजवळ तीन सदरे होते; तिन्ही धुतले आणि एकही वाळेना. पाचव्या दिवशी ओलाच सदरा चढवताना मला घरचा श्रावण आठवला. पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून बायको बंद ठेवलेल्या कूलरची जाळी काढते, पाणी न घालता नुसता पंखा लावते आणि समोर दोरी बांधते. मी दुकानातला एक कूलर वर आणला, त्याची खस उपसली, टाकी कोरडी केली आणि सदरा टांगला. चहा संपेपर्यंत तो वाळला. म्हणजे मी सांगताना चहा म्हणतो. खरं बोलायचं तर दुपारचं जेवण आणि वर एक झोप धरावी लागेल.

शेठ बोटीचं विचारायला आले तेव्हा त्यांनी त्या सदऱ्याची कॉलर चिमटीत धरली. बराच वेळ धरून ठेवली.

"सूखा?"

"सूखा."

दुसऱ्या दिवशी तो हॉटेलवाला काखेत ओली चादर घेऊन आला आणि वाळलेली चादर घेऊन गेला. त्याच्याकडे रोज खोल्या-खोल्यांच्या चादरी निघत आणि गच्चीवर लोंबत राहत. त्यानं बारा कूलर नेले. मग दुसरा हॉटेलवाला, मग धोबी, मग डॉक्टर. बोट सुटायच्या आदल्या दिवशी दुकानात एकही कूलर उरला नव्हता. मागच्या अंगणात मात्र खसेचा ढीग पडला होता, आणि त्यावर शेठची शेळी बसली होती. मोंबासात गारवा फक्त तिला मिळाला.

नागपूरला उतरलो तो आधी शेडमध्ये गेलो. शेठनी आणखी साठ मशीनच्या मागणीचं पत्र दिलं होतं, ते मिस्त्रीला वाचून दाखवलं.

"टाकी नाही?" त्यानं विचारलं.

"नाही."

"खस बी नाही?"

"नाही."

"मंग त्याले कूलर काहून म्हणायचं गा भाऊ?"

तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. पत्रा मात्र त्याच दिवशी कापायला घेतला.

घरी आलो तर बाहेरच्या खोलीत आमची मोठी लोखंडी पेटी, दोरीनं करकचून बांधलेली.

"ही कुठं चालली?"

"भिवापूरले," बायको म्हणाली.

"कधी भरली?"

"तुम्ही बोटीसाठी निघाले त्याच दिवशी."

मोंबासाच्या हवेनं बसला नव्हता तेवढा धक्का मला दारातच बसला. मी साठ मशीनचं पत्र तिच्या हातात दिलं. तिनं ते दोनदा वाचलं, चौथीचा पेपर तपासावा तसं. मग खाली बसून दोरीची गाठ सोडली. झाकण उघडलं तर सगळ्यांत वर चौपदरी शिवलेले जाड रुमाल होते. मी मोजले. एकवीस.

"मिरचीसाठी," ती म्हणाली. "राहू द्या. सर्दीले कामी येतील."

बाहेर श्रावणाची झड लागली होती आणि कपडे दोन दिवसांपासून ओलेच होते. तिनं पेटीची दोरी उचलली आणि आमच्या कूलरसमोर या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत बांधू लागली.

"बाबांना काय लिहू?" मी विचारलं.

"लिहा सगळं," ती म्हणाली. "शेठले नुसता पारा विचारला, तेवढं सोडून."