बसायची चिठ्ठी

सौंसरच्या मुलींच्या शाळेत मी कवायत शिकवायला लागले, ते स्वराज्याचे सुरुवातीचे दिवस होते. अमरावतीला जाऊन व्यायामाचं शिक्षण घेऊन आलेली गावातली मी पहिलीच मुलगी. मी नेमकं काय शिकून आले हे कोणालाच कळत नसे. आमच्या गल्लीत सांगत, "पोट्टी उड्या मारायचा कोर्स करून आली." माझ्या आईलाही यापेक्षा फार वेगळं सांगता यायचं नाही. बाबा तहसील कचेरीत कारकून होते. ते म्हणत, "सरकारी पगार आहे नं, मग उड्या तर उड्या."

एका दुपारी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई शाळेत आल्या. त्या मूळच्या वर्ध्याच्या, नागपूरला शिकलेल्या. पांढरं पातळ, हातात छत्री, आणि बोलणं असं की पुढच्याला हो-नाही करायला सवड मिळू नये. मुलींची कवायत त्या कडेला उभ्या राहून पूर्ण पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तुम्ही मुलींना पळवता. पन्नाशीच्या बायकांना चालवाल का?"

"कशासाठी?"

"साखरेसाठी."

"रेशन तर उठलं नं बाई," मी म्हटलं.

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की ओळीतल्या मुलींनी हात खाली घेतले. साखर म्हणजे मधुमेह, लघवीतली साखर. असे रोगी अशक्त असतात, त्यांनी पडून राहावं, असंच तेव्हा सगळे सांगत. बाईंच्या नागपूरच्या प्रोफेसरांना मात्र वाटत होतं की शरीर हललं की साखर खर्ची पडते. "सांगणारे दोन्हीकडचे आहेत," बाई म्हणाल्या. "आपल्या इकडच्या बायकांवर मोजून पाहिलेलं कोणी नाही. आपण मोजू."

बाईंनी बारा जणी जमवल्या. ज्यांची साखर फार चढलेली, ज्यांच्या पायाला जखम, त्यांना घेतलं नाही. बाराही जणींना जेवण सारखंच: ज्वारीची भाकरी, भाजी, ताक, गूळ आणि भात बंद. त्यातल्या सहा जणींनी रोज सकाळी माझ्याबरोबर व्यायाम करायचा आणि चालायचं, सहा जणींनी घरचं नेहमीचं काम तेवढं करायचं. दर आठवड्याला सगळ्यांनी लघवीची बाटली दवाखान्यात द्यायची.

कोण चालणार आणि कोण बसणार हे बाईंनी स्वतः ठरवलं नाही. पितळी वाडग्यात बारा चिठ्ठ्या टाकल्या. मी म्हटलं, "तुम्हीच निवडा नं." त्या म्हणाल्या, "मी निवडलं तर धडधाकट बायकाच चालायला घेईन. आणि मग म्हणेन, बघा, चालून बऱ्या झाल्या!"

बारा जणींत माझी आईही होती. तिने चिठ्ठी उचलली, मला वाचायला दिली. "बसणे" असं लिहिलेलं होतं. तिने ती परत घेतली आणि चोळीत खोचून घरी नेली.

चालणाऱ्यांची सकाळ मोठी गमतीची असे. शाळेच्या अंगणात पदर खोचून सहा जणी उभ्या राहत आणि मी "एक, दोन, तीन, चार" म्हणत हात वर, बाजूला, खाली करायला लावी. मग बोरगावच्या रस्त्याने संत्र्याच्या एका बगीच्यापर्यंत जाऊन परत यायचं. पहिल्याच दिवशी वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारू लागला, "कोणाकडे गेल्या होत्या? कोणी गेलं का?" बायका रस्त्याने काही कामाशिवाय चालतात हे कोणाच्या ध्यानातच येत नव्हतं. बोरगावची एक शेतकरीण आमच्यात होती, उंच आणि खणखणीत आवाजाची. तीच म्हणाली, "मास्तरीणबाई, हाती कायी तरी पाहिजे. रिकाम्या हातानं निघालं की लोकायले वाटते, घरातून भांडून निघाली."

दुसऱ्या दिवसापासून कोणाच्या हातात पूजेचं ताट, कोणाच्या रिकामी पिशवी, तिच्या डोक्यावर रिकामी टोपली. मग कोणी काही विचारेना. रिकामी टोपली घेऊन ती जशी ताठ चाले तसं मला अमरावतीलाही कोणी शिकवलं नव्हतं.

बाईंची एकच सक्ती होती, चपलांची. साखरेच्या रोग्याच्या पायाला काटा लागला तर तो चिघळतो, म्हणून दर आठवड्याला त्या सगळ्यांचे तळवे स्वतः पाहत. "जनम गेला अनवाणी वावरात," शेतकरीण कुरकुरे, पण डॉक्टरीणबाई आपले पाय हातात धरतात याचं तिला इतकं अप्रूप वाटे की त्या दिवशी ती पाय शिकेकाईने घासून येई.

दवाखान्यात बाई निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर उकळत. निळा रंग निळाच राहिला तर साखर नाही. थोडी असेल तर हिरवा, मग पिवळा, केशरी, आणि फार असेल तर थेट विटेसारखा लाल. बायकांनी या रंगांना आपली नावं दिली: कच्चं संत्रं, पिकलं संत्रं, वीट. "माझी तर आज वीट निघाली, परवाच्या लग्नातली बुंदी भोवली," असं दवाखान्याच्या ओट्यावर उघड बोलणं चाले. बाईंनी वहीत इंग्रजीत लिहिलं तरी तोंडी त्याही "कच्चं संत्रं" म्हणू लागल्या.

दोन महिने झाले. चालणाऱ्यांच्या नळ्या विटेकडून कच्च्या संत्र्याकडे येऊ लागल्या होत्या. मी खूश होते. पण बाई दिवसेंदिवस गप्प होत चालल्या. एक दिवस त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "बसणाऱ्यांच्याही नळ्या तेवढ्याच हिरव्या होताहेत. म्हणजे जे झालं ते भाकरी-ताकाने झालं. चालण्याने काही झालं नाही. रविवारी प्रोफेसरांना तसं लिहून टाकते."

मला फार वाईट वाटलं. सहा जणींना इतक्या सकाळी उठवून मी उगाच चालवलं, असं मनात येत राहिलं.

त्याच आठवड्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळा अर्ध्या दिवसाने सुटली. घरी येताना मी महादेवाच्या देवळावरून आले, तर पिंपळाच्या पाराभोवती सहा बायका प्रदक्षिणा घालत होत्या. प्रदक्षिणेत नवल काहीच नव्हतं. पण त्यांचा वेग पाहून मी थांबले. सगळ्यांत पुढे माझी आई, पदर खोचलेला, हात कोपरात वाकवलेले. पारावर मोजायला शेंगदाण्यांची ढिगली. आणि तोंडाने देवाचं नाव नव्हतं, आई म्हणत होती, "एक, दोन, तीन, चार." सहाही जणी बसायच्या चिठ्ठीवाल्या होत्या.

"आई!"

ती थांबली. पाठच्या पाच जणी एकमेकींवर आदळल्या.

"तुला बसायची चिठ्ठी आली आहे नं?"

"मग मी काय चालून राहिली का?" आई म्हणाली. "मी प्रदक्षिणा घालून राहिली."

"सहाही जणी? रोज?"

"देवाच्या दारी काय चिठ्ठी लागते?" मागून एक जण बोलली, पण माझ्याकडे न पाहता.

बाकीच्या निघून गेल्यावर आई पारावर बसली. घाम पुसत म्हणाली, "तुम्ही सकाळी आपल्या दारावरून हसत-बोलत जाता. मी ओसरीत बसून पाहत राहते. तुझी आजी याच रोगाने गेली. आधी अंगठा काळा पडला, मग पाय कापावा लागला. ती बसूनच होती बाई, शेवटपर्यंत बसून. मला नाही बसवत." मग माझा हात धरला. "डॉक्टरीणबाईला सांगू नको. आमची नावं काढून टाकतील."

आजीचा पाय मला माहीत होता, पण आई त्याला इतकी भ्याली असेल हे माहीत नव्हतं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पोळा झाला, बैल सजले, आईने बिनगुळाची पुरणपोळी करायचा प्रयत्न केला आणि ती कोणी खाल्ली नाही. माझं मात्र कशात लक्ष लागेना. सांगावं तर आईशी दगा. न सांगावं तर बाई नागपूरला खोटंच लिहून पाठवणार, आणि पुढे कितीतरी बायकांना कोणी म्हणणार, चालून काही होत नाही, पडून राहा. शेवटी आजीच्याच पायाने माझा निर्णय केला. शनिवारी मी दवाखान्यात जाऊन सगळं सांगितलं.

बाई नळी धूत होत्या. धुऊन झाली तरी पुन्हा धुतली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता ओरडतील.

"किती प्रदक्षिणा?"

"एकशेआठ."

"रोज?"

"सोमवारी जास्त."

"तुमच्या शाळेत टेप आहे ना? लांब उडीची?"

आम्ही टेप घेऊन देवळात गेलो. बाई एक टोक धरून उभ्या, मी पाराभोवती फिरले. बाईंनी एकशेआठने गुणलं, पुन्हा गुणलं, आणि तिथेच पायरीवर बसून हसायला लागल्या. "अहो, या बसणाऱ्या तर तुमच्या चालणाऱ्यांपेक्षा जास्त चालल्या आहेत!"

त्याच संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. आई आत लपली होती. बाई ओसरीतून म्हणाल्या, "काकू, बाहेर या. चूक माझी आहे. बसा म्हणताना तुम्हाला काय वाटेल हे मी विचारलंच नाही." आई बाहेर आली, रडली, आणि लगेच चहा ठेवायला गेली, बिनसाखरेचा.

प्रोफेसरांना बाईंनी घडलं ते जसंच्या तसं कळवलं. उत्तर आलं: तुलना फिसकटली, यावरून काही म्हणता येणार नाही, पुन्हा करा. पण करायचं कसं? सौंसरमध्ये तर आता बसायला एकही बाई तयार नव्हती. मी म्हटलं, "बाई, माझ्या वर्गात चेंडू दोनच असतात. अर्ध्या मुलींना नुसतं उभं राहा म्हटलं तर त्या ऐकत नाहीत. दहा मिनिटांनी तुमची पाळी म्हटलं की बरोबर उभ्या राहतात."

बाईंनी लगेच वही ओढली. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

पुढचा प्रयोग पांढुर्ण्याला ठरला. तिथल्या एका शिक्षिकेला मी व्यायाम शिकवला. ती रोज घ्यायची आणि रविवारी बाई आणि मी मोटारीने जायचो. पुन्हा तेच जेवण, पुन्हा चिठ्ठ्या, पण या वेळी "बसणे" नव्हतं. अर्ध्यांवर "आता" आणि अर्ध्यांवर "दोन महिन्यांनी". पहिल्या रविवारी आई हट्टाने आमच्याबरोबर आली. "दोन महिन्यांनी" वाल्यांचे चेहरे उतरलेले पाहून ती त्यांच्यात जाऊन बसली. "मी सौंसरची," ती म्हणाली. "मी थांबली नाही, चोरून चालली, आणि बाईंच्या सगळ्या कामाचा सत्यानाश केला. तुम्ही थांबा. तुमची पाळी येऊन राहिली. नाही आली तर मला सांगा, मी बाईंना पाहून घेईन."

त्या थांबल्या. दोन महिने झाले तेव्हा "आता" वाल्या कच्च्या संत्र्यावर आल्या होत्या आणि थांबलेल्या बहुतेक पिकल्या संत्र्यावरच होत्या. मग त्याही चालल्या आणि त्यांच्याही नळ्या उतरू लागल्या. मी उड्या मारायच्या बाकी होते. बाई म्हणाल्या, "इतक्या थोड्या बायकांवरून जगाला काही सांगता येत नाही. पण आता विचारता तर येईल."

याच सुमारास राज्यांच्या सीमा नव्याने आखायचं ठरलं. बाबा रोज वर्तमानपत्र मांडीवर घेऊन नकाशावर बोट फिरवत. नागपूर आतापर्यंत आमची राजधानी होती. आता ती मुंबई राज्यात जाणार, आम्ही मध्य प्रदेशातच राहणार आणि राजधानी दूर भोपाळला. बाईंच्या कागदांवर एका कचेरीने शेरा मारला की रोगी एका राज्यातले आणि प्रोफेसर दुसऱ्या राज्यातले, तेव्हा परवानगी कोणी द्यायची? बाईंनी उत्तर लिहिलं की बायका चालल्या तेव्हा राज्य एकच होतं. त्यावर कचेरीकडून पुन्हा काही आलं नाही.

बाईंनी वर्ध्याकडची बदली मागून घेतली. त्या गेल्या त्या दिवशी मोटार अड्ड्यावर बाराही जणी आल्या होत्या. शेतकरणीने डोक्यावरची टोपली उतरवली. या वेळी तीत संत्री होती, आणि बाईंना ती मोटारीच्या टपावर चढवावी लागली. पुढे डॉक्टरांच्या एका सभेत बाईंनी हे काम वाचून दाखवलं. त्याची प्रत मला आली. मी आईला अर्थ सांगत वाचलं. "पहिल्या प्रयोगात काही रोग्यांनी सूचना पाळली नाही" या वाक्याशी ती मला थांबवून म्हणाली, "सगळंच लिहिलं का बाईंनी? बरं केलं."

सहा महिन्यांनी बाईंचं पत्र आलं. वर्ध्याला त्या पुन्हा हेच काम करत होत्या, पण तिथल्या बायका आपली पाळी येईपर्यंत थांबायला तयार नव्हत्या. "काकूंना आठ दिवस पाठवता का?" त्यांनी विचारलं होतं.

आईने लगेच पेटी भरली. माझ्या लग्नाचं बोलायलासुद्धा ती कधी नागपूरच्या पलीकडे गेली नव्हती. मोटारीत बसताना शेजारणीला सांगत होती, "आता दुसऱ्या राज्यात चालली मी. सरकारी कामाने."

आठ दिवसांसाठी गेलेली आई तीन आठवड्यांनी परतली. तिथल्या बायका थांबल्या, असं तिने येताक्षणी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कंपाउंडरने तिची नळी उकळली, तर रंग अगदी निळाच्या निळा. चालणं तर इथेही होतं, पण इतका निळा रंग कधी आला नव्हता. मी विचारलं, "बाईंकडे रोज खायला काय होतं?"

"मुगाची उसळ," तिने तोंड वाकडं केलं. "सकाळी मुगाची, संध्याकाळी मुगाची. बाई हुशार आहे, पण स्वैपाक काही येत नाही बिचारीला."