सुरयाच्या पिल्लाला एकच डोकं

सुमाताई गेल्याची बातमी आली तेव्हा मी काशीच्या बालाजी घाटावर मगरीची गोष्ट सांगत होतो. मगर नुकतीच सतरा हातांची झाली होती... ती तेवढीच राहिली.

सुमाताई माझी चुलत बहीण. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. उन्हाळा लागला की सकाळीच नाव करून पलीकडच्या रेतीवर जायची. तिथे सुरय पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतात. पिल्लू कापडी पिशवीत घालून काट्याला टांगायचं, वजन करायचं, पंखातून रक्ताचे दोन थेंब घ्यायचे आणि त्याच्या आईच्या चोची डोक्यावर झेलत परत ठेवायचं. ताईच्या डोक्याची चाळण झाली होती; त्या चाळणीतून मी स्वतः चहा गाळलाय. कारखान्याचं सांडपाणी नदीत सोडणाऱ्या नाल्याच्या खालच्या अंगाचे मासे खाणाऱ्या पिल्लांच्या रक्तात थायरॉइडचं संप्रेरक कमी, अ जीवनसत्त्वही कमी. नाल्याच्या वरच्या अंगाची पिल्लं ठीक. एवढंच तिचं म्हणणं. मला ते फार मिळमिळीत वाटायचं. म्हणून एका सभेत, तिला मदत म्हणून, मी पिल्लांना तीन-तीन डोकी उगवल्याचं ठोकून दिलं.

कारखान्याचे साहेब पोट धरून हसले. "मैडमजी, एक तीन सिरवाला दिखाइए! बच्चे तो मोटे-ताज़े हैं."

ताई उठली. "वज़न देखकर सेहत बतानी हो, तो काशी में सबसे तंदुरुस्त आप हैं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाळ्या, डोकं एकच आहे, तेही धड. म्हणून तर कुणाला काही दिसत नाही. तुझ्या जादा दोन डोक्यांनी माझं एक घालवलं!"

पुढे तिच्या अहवालातून नाला गाळा, मग छापतो, असा छापणाऱ्यांचा निरोप आला. तिने गाळला नाही. त्यांनी छापला नाही. शेवटच्या आजारात तिने नोंदींची वही माझ्याच हाती दिली. म्हणाली, "लोकांना वाचून दाखव. तुझ्याएवढा घसा कुणाला आहे? पण एक अक्षर कमी नको... आणि तुझं एक जास्त नको."

दहाव्याला पिंड ठेवला. कावळा शिवेना. तिच्या भावाने घर सांभाळायचं वचन दिलं, वहिनीने तुळस सांभाळायचं. कावळा ढिम्म. शेवटी मी ओरडलो, "ताई, नाला गाळणार नाही! तीन डोकीही घालणार नाही!"

कावळा शिवला. ताई म्हणाली असती, "भूक लागली असेल त्याला." असेलही. पण शब्द दिलाय. तेव्हापासून घाटोघाट वही वाचतो, नाल्यासकट. परवा साहेबांचा माणूस मुन्शी घाटावर आला. "पंडितजी, वो नालेवाली लाइन छोड़ दीजिए." मी ती दोनदा वाचली. दोन्ही वेळा तेवढीच.

तिचा काटा आता माझ्या खिडकीत टांगलेला आहे, खाली रिकामी पिशवी, माशाचा वास अजून गेलेला नाही. वाचायला निघताना मी त्याच्याकडे एकदा बघतो. काटा शून्यावर असतो. मग निघतो.