फुईचा चौकोन

सुरतेच्या मे महिन्यात पंखा बंद करून, मांडीवर लोकर घेऊन देवाची वाट पाहणारी बाई साऱ्या पृथ्वीवर एकच असणार, आणि ती नेमकी माझ्या नवऱ्याची आत्या निघाली! खानदेशी घरांत आत्याला फुई म्हणतात. मी लग्न होऊन नाशिकहून सुरतेच्या डिंडोलीत आले आणि मीही फुईच म्हणू लागले. पंखा बंद का, तर वाऱ्याने लोकरीचा गुंडा पळतो आणि गुंड्यामागे मन पळतं. आम्ही घामाने निथळत जेवायचो. फुईच्या कपाळावर मात्र एक थेंब दिसेल तर शपथ.

फुई स्वेटर, टोपी असलं काही विणत नसे. फक्त चौकोन, तळहाताहून थोडे मोठे. सोसायटीतल्या बऱ्याच बायका असे चौकोन विणून देत. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन ते जोडून पांघरुणं करत आणि दर थंडीत डांगातल्या एका आश्रमशाळेत पाठवत. बाकीच्यांना ते चार घटकांचं पुण्य होतं, फुईला तो जप होता. एका टाक्याला एक राम. माळेवर तिचा विश्वास नव्हता. "माळ फिरीसन तठेच येस," ती आपल्या अहिराणीत म्हणायची, "चौकोन कोनना तरी आंगवर जास." दुपारी पलीकडच्या गल्लीतल्या मागांची खटखट चालू असायची, तिच्यात फुईच्या सुयांची टिकटिक मिसळायची आणि ऐकता ऐकता माझे डोळे मिटायचे. त्या गुंगीत मला वाटायचं, सगळं सुरत शहर मिळून काहीतरी एकच विणतंय आणि ते कुणासाठी, हे एकट्या फुईला ठाऊक आहे.

पण या जपाला एक भयंकर नियम होता. राम म्हणताना मन दुसरीकडे गेलं, तर अख्खा चौकोन उसवायचा. "मन्हं ध्यान भरीतमा गयं," ती जाहीर करायची, "आते उसवनं पडी." की सर्रकन धागा ओढला! भरतापायी, भाचीच्या लग्नापायी, टीव्हीवरच्या सासूपायी किती सुबक चौकोन गेले, देव जाणे. तीच लोकर पुन्हा पुन्हा उसवून शेवयांसारखी वळली होती. खालून बेन हाक मारायच्या, "मासी, तमारो चोरस थयो के नै?" आणि फुई मला खुणेने सांगायची, मी झोपले म्हणून सांग.

एकदा शेजारच्या बाईंचे यजमान गेले. फुई भेटायला निघाली ती विणकाम घेऊनच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथे ती सांत्वनाचा एक शब्द बोलली नाही. त्या बाईंच्या शेजारी बसली, गुंडा त्यांच्या हातात दिला आणि विणू लागली. बाई रडता रडता धागा सोडू लागल्या, मग नुसताच धागा सोडत राहिल्या. घरी येऊन फुईने सगळं उसवलं. "राम उनाच नही तोंडमा," ती म्हणाली, "सगळं ध्यान तिनाकडेच."

मागल्या थंडीत मात्र गाडं अडलं. बेननी पांघरूण जोडत आणलं होतं आणि मधोमध फुईच्या चौकोनाची जागा तेवढी रिकामी होती. पांघरुणं न्यायला जीप खाली उभी. फुईच्या शेवटच्या ओळी चालल्या होत्या. एकाएकी सुया थांबल्या, हात धाग्याच्या टोकाकडे गेला.

"आता कुठे गेलं ध्यान?" मी ओरडलेच.

"एखादी पोरना पाय उघडा ऱ्हातीन का, आसं मनमा उनं."

माझा संताप झाला. "फुई, पोरं तिकडे कुडकुडणार आणि तुमचा राम काय पांघरून झोपणार आहे?"

तोंडून शब्द निघाला तसा मीच घाबरले. मग तिने सुया उचलल्या. राम म्हणायला ओठ मात्र हलत नव्हते. चौकोन संपवला, हाताने एकदा सारखा केला आणि माझ्या हाती दिला. "लई जा," ती म्हणाली, "सगळा पोरसनाच शे." मी जिने उतरत धावले. तो ऊबदार लागत होता, तिच्या मांडीवरून आला होता ना.

आता फुईच्या डोळ्यांना टाके दिसत नाहीत. विणते मी, वेडंवाकडं. ती शेजारी बसून गुंडा धरते आणि धागा सोडते. पंखा आता चालू असतो, गुंडा पळू पाहतो आणि ती तो दोन्ही हातांनी जपते. परवा विणताना माझं ध्यान त्या हातांकडे गेलं. राम कधीच सुटला होता. फुईला ते कसं कळलं कोण जाणे.

"उसवू का?" मी विचारलं.

"नको, माय," ती म्हणाली आणि आणखी थोडा धागा सोडला.