जयवंतीबाईंच्या न्हाणीवरचा ड्रोन

जयवंतीबाईंची आंघोळ दुपारी असते. सकाळी त्या वाडीत जातात, केळींना पाणी सोडतात, भाजी खुडतात, आणि ऊन डोक्यावर आलं की परत येऊन घरामागच्या न्हाणीत बसतात. न्हाणी म्हणजे पुरुषभर उंचीच्या भिंती, खाली घडीव दगड, कोपऱ्यात पाणी तापवायची चूल आणि वर आभाळ. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हाही ती अशीच होती. त्यांचा मुलगा श्रीरंग याने पुढे घरात टाइल्सची मोरी बांधली, गिझर बसवला. जयवंतीबाई ती आतून बघून आल्या, चांगली झाली म्हणाल्या, आणि तांब्या घेऊन मागच्या दाराने बाहेर गेल्या. छत घातलं की ते कपाट होतं आणि कपाटात माणूस न्हात नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

श्रीरंग आणि मी वालीवच्या एका कारखान्यात बरीच वर्षं एकत्र आहोत. तो भांडार सांभाळतो, मी हिशेब. त्यांच्या वाडीला लागून झालेल्या इमारतीत त्यानेच मला फ्लॅट बघून दिला. त्यामुळे पुढचं थोडं मी पाहिलेलं आहे आणि बाकीचं ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून ऐकलेलं.

गाव नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, रिक्षा जिथे पुढे यायला कुरकुरतात तिथून खाडीकडे आहे. जयवंतीबाई या गावच्या धवलारीण. लग्नघरात हळद लागताना आणि त्याआधीच्या सगळ्या विधींना जी गाणी म्हणायची त्यांना धवले म्हणतात, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. भटजी बाहेरून आणता येतो. धवलारीण गावची लागते. तिला बोलावण्याचीही रीत आहे. लग्नघरच्या बायकांनी नारळ-विडा घेऊन तिच्या घरी जायचं, तो तिच्यापुढे ठेवायचा, आणि तिने उचलला की लग्न उभं राहिलं असं समजायचं. उचलला नाही असं पूर्वी कधी झालेलं नव्हतं, त्यामुळे तसं झालं तर काय करायचं याची रीत नव्हती.

भावकीतल्या श्रीपतरावांच्या मुलाचं, हितेशचं, लग्न ठरलं. हळदीच्या मांडवात मोठी एलईडी भिंत लावायची आणि तिच्यावर फिल्म दाखवायची असं हितेशच्या मनात होतं. आधी वरून दिसणारं गाव, मग खाडी, मग खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीच्या बांधावरून चालत येणारा हितेश. हे काम विरारच्या मनवेलपाड्यात राहणाऱ्या मितेश नावाच्या मुलाला दिलं. त्याच्याकडे स्वतःचा ड्रोन होता. सकाळी त्याचं दुसरीकडे एक लग्न होतं, म्हणून तो आमच्या गावात पोचला तोच भर दुपारी.

जयवंतीबाई दगडावर बसल्या होत्या. डोक्यावर पाणी घेताना त्यांना घरघर ऐकू आली. सुनेने मिक्सर लावला असेल असं त्यांना वाटलं. मग आवाज जवळ आला आणि जागेवरच थांबला, आणि मिक्सर आभाळात नसतो हे लक्षात येऊन त्यांनी वर पाहिलं. न्हाणीच्या बरोबर वर एक पांढरी वस्तू स्थिर उभी होती. त्यांनी हातातला तांब्या तिच्याकडे फेकला. तो कोथिंबिरीत पडला. वस्तू थोडी हलली आणि खाडीकडे निघून गेली. उरलेली आंघोळ तशीच राहिली.

ही हकिगत त्यांनी घरात सांगितली, बाहेर नाही. पण दुसऱ्या दिवशी श्रीपतरावांच्या घरच्या बायका नारळ-विडा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी पाट दिले, चहा दिला, नवरीची चौकशी केली आणि नारळाला हात लावला नाही.

"नारळ ठेवून जा," त्या म्हणाल्या. "पन मी उचलनार नाय. नारळ यायच्या आधी तुमचं ते यंत्र आलं माझ्याकडं."

संध्याकाळी श्रीपतराव स्वतः आले. ते त्यांना वहिनी म्हणतात. इतक्या उंचावरून माणूस मुंगीएवढा दिसतो, असं त्यांनी समजावलं. मुंगीवर तुम्ही इतका वेळ थांबता का, असं जयवंतीबाईंनी विचारलं. मग श्रीपतरावांनी शेजारच्या इमारतीचा विषय काढला. तिच्या खिडक्या रोज वाडीवरच उघडतात, तेव्हा कसं चालतं?

हा मुद्दा बिनतोड आहे असं त्यांना वाटलं असावं, पण त्याला उत्तर होतं. इमारतीत माणसं राहायला आली तेव्हा जयवंतीबाई त्या बाजूच्या प्रत्येक फ्लॅटमध्ये अळूची एकेक जुडी घेऊन गेल्या होत्या. मी अमुक, खाली राहते, दुपारी न्हायला बसते, तेवढा वेळ स्वयंपाकघराची खिडकी ओढून घ्या. आमच्याकडेही आल्या होत्या. असं कोणी समोर बसून सांगितल्यावर खिडकी उघडी ठेवणं जमत नाही. गुजराती, उत्तरेकडचे, कोकणातले, सगळ्यांच्या खिडक्या त्या वेळी बंद असतात.

"त्यांना मी सांगितलंय," जयवंतीबाई म्हणाल्या. "याला कुठं सांगू? याला दार हाय का?"

श्रीपतराव उठून घरी गेले आणि त्यांनी मितेशला बोलावलं. मितेश म्हणाला, त्याने काही पाहिलेलं नाही, तो उंची बघत होता. तेवढा भाग कापून टाकतो. हा निरोप जयवंतीबाईंकडे गेला. कापणारा आधी बघणार, मग कापणार, असं उत्तर आलं. मग सगळंच न बघता पुसून टाकतो, असं मितेश म्हणाला. त्याला हितेश तयार नव्हता. बांधावरून चालण्याचं चित्रण त्यातच होतं, आणि आता मांडव घालून झाला होता. मांडव घातल्यावर नवऱ्या मुलाने वेस ओलांडून खाडीकडे जायचं नाही असा गावात नेम आहे. हितेशच्या एका मित्राने मोबाइलवर धवले मिळतात, तेच स्पीकरला लावू, असा उपाय सुचवला. घरातल्या म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो दही आणायचं राहिलंय म्हणून निघून गेला. शेजारच्या गावच्या धवलारणीला विचारून झालं. जयवंतीने सांगितलं तर येते, असं तिने कळवलं.

त्या दोन दिवसांत जयवंतीबाईंनी घरातल्या मोरीत आंघोळ केली. दोन्ही वेळा त्या लगेच बाहेर आल्या आणि दिवसभर कोणाशी नीट बोलल्या नाहीत. श्रीरंग न्हाणीवर टाकायला वालीवहून पत्रा घेऊन आला. तो भिंतीला टेकवून ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "मी काय केलंय म्हनून झाकून बसू?" आई देवाचं सोडून कशाला घट्ट धरून बसत नाही, आणि यात इतकी का बसली, ते कळत नाही, असं तो मला कारखान्यात म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत त्याने स्वतःच पुढे सांगितलं, की घरात एकत्र कुटुंब असताना, सासू, नणंदा, जावा असताना, तिला एकटीला म्हणून दिवसातली तेवढीच जागा होती.

तोड काढली ती हितेशच्या बहिणीने, उन्नतीने. तिचं म्हणणं साधं होतं. ज्यांचं चित्र आहे त्यांनीच ते बघावं आणि हवं ते काढावं. यंत्र ती चालवेल. श्रीपतरावांच्या घरात मोठा टीव्ही होता, तिथे जयवंतीबाई आल्या. पुरुष बाहेर ओट्यावर बसले. दारं-खिडक्या लावून घेतल्या. मितेशने उन्नतीला ड्रोनमधलं कार्ड कसं लावायचं, चित्र कुठून थांबवायचं आणि कसं पुसायचं ते दाखवलं, आणि कोणी न सांगता दाराकडे पाठ करून ओट्याच्या पायरीवर जाऊन बसला. मीही श्रीरंगबरोबर तिथे होतो. आत विधी चालू असावा तशी बाहेर शांतता होती.

आत काय झालं ते उन्नतीने फक्त जयवंतीबाईंपुरतं, आणि तेही त्यांच्या परवानगीने, सांगितलं. वरून गाव त्यांना ओळखूच येईना. मग फणस दिसला, त्यावरून विहीर, विहिरीवरून न्हाणी. चित्रात त्या होत्या. फार वेळ नाही, पण होत्या. उन्नती पुसायला गेली तर त्यांनी तिला थांबवलं आणि पुढे सरकून पाहिलं.

"मधोमध केस गेलेत माझे," त्या म्हणाल्या. "कोन बोललं नाय मना."

उन्नती म्हणाली, की आजी, तुम्ही अंबाडा घालता, त्यात दिसत नाही. त्यांनी आणखी थोडा वेळ पाहिलं आणि मग म्हणाल्या, "काढ."

त्यानंतर त्या उठतील असं उन्नतीला वाटलं होतं. त्या उठल्या नाहीत. बाकीचं दाखव म्हणाल्या. माझं होतं तसं दुसऱ्या कोनाचं असेल, तर त्याला विचारायला कोन जानार? असं म्हणून त्यांनी घरामागून घर बघितलं, गच्च्या बघितल्या, परसं बघितली, आणि त्या सांगतील तिथे उन्नती पुसत गेली. काय काय दिसलं ते दोघींपैकी कोणी आजतागायत बोललेलं नाही.

बोलावं लागलंही नाही. जयवंतीबाई पूर्ण फिल्म बघताहेत ही बातमी आत चालू असतानाच गावात पसरली. गावातल्या परेशचा टेम्पो, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, गिअरबॉक्स काढून गॅरेजमध्ये पडला होता, आणि म्हणून तो लग्नाची भांडी आणायला मिळणार नव्हता. तो टेम्पो अंधार पडायच्या आत मांडवासमोर येऊन उभा राहिला. परेश म्हणाला, झाला दुरुस्त. श्रीपतरावांच्या धाकट्या भावाला डॉक्टरांनी बिडी बंद केली होती. त्याने बायकोला आपणहून काहीतरी कबूल केलं. दोन घरं सोडून राहणारी एक सून मागच्या दाराने आली आणि जयवंतीबाईंच्या कानाशी लागून गेली. तिच्या मागून तिची सासू आली, तीही मागच्या दाराने. प्रत्येकाला एकच उत्तर मिळालं, तुमचं पन काढलंय. त्यातलं मुळात किती होतं, कोण जाणे.

सगळं संपल्यावर जयवंतीबाईंनी मितेशला आत बोलावलं. दार उघडं होतं, त्यामुळे हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"पोरा, तू बघितलंस?"

मितेश पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. श्रीपतरावांनी बाहेरून खाकरून त्याला काय उत्तर द्यायचं त्याची आठवण करून दिली.

"हो आजी," तो म्हणाला. "हातातल्या स्क्रीनवर दिसलं. आधी कळलं नाही काय आहे. कळल्यावर फिरवला."

"मंग नाय बघितलं म्हनून का सांगितलंस?"

"घाबरलो."

"मी पन घाबरले," जयवंतीबाई म्हणाल्या. "परत उडवायचा झाला तर आधी माझ्या दारात ये. उभा राहा, तोंड दाखव, कुठं उडवतोस ते सांग. मी पन सांगेन कवा नको ते."

मितेश बरं म्हणाला. उन्नतीने जयवंतीबाईंच्या घरून आणून ठेवलेला नारळ पुढे केला. जयवंतीबाईंनी तो उचलला, हलवून पाणी ऐकलं, आणि हळदीला बायकांनी वेळेवर या, मागच्या खेपेसारखा उशीर नको, असं बजावून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी न्हाणीत चूल पेटलेली होती.

हळदीला त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला. धवले संपल्यावर एलईडी भिंत सुरू झाली. तिच्यावर गाव नव्हतं. खाडी होती, तिवरं होती, बगळे होते, आणि पुष्कळ लांबवर हितेश बांधावरून चालत होता. तो संपला की पुन्हा खाडी सुरू होत असे. इतर लग्नांत लोक अशा फिल्मकडे पाठ करून जेवतात. इथे सगळ्यांनी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत अतिशय लक्ष देऊन पाहिली, आणि संपली की थोडे सैल होऊन बसले. परेश तर दोनदा पाहून उठला. नवरीकडच्या एका पाहुण्याने तुमचं गाव दिसलं नाही असं म्हटलं, तेव्हा श्रीपतराव म्हणाले, आमची खाडीच बघण्यासारखी आहे.

त्यानंतर गावात आणखी लग्नं झाली. प्रत्येक वेळी ड्रोनवाला आधी जयवंतीबाईंच्या दारात आणला जातो. काहींना ते विचित्र वाटतं. एकाने परवानगीचा कागद दाखवला. त्या म्हणाल्या, कागद राहू दे, तू बस, पानी पी. दोरीवर त्यांचं ओलं लुगडं दिसलं की ड्रोन वर जातो. श्रीपतराव हे काम आता स्वतःकडे असल्यासारखं बघतात.

गेल्या महिन्यात मात्र एक ड्रोन आला तो कोणाच्याच लग्नाचा नव्हता. श्रीपतराव, हितेश आणि आणखी काही जण उडवणारा शोधायला मुख्य रस्त्यापर्यंत गेले. कोणी सापडलं नाही. कोणी म्हणालं, मोजणीचा असेल, कोणी म्हणालं, बिल्डरचा. तो गावावरून दोन फेऱ्या मारून गेला आणि काय घेऊन गेला ते कोणाला कळलं नाही. श्रीरंगने पत्र्याचा विषय पुन्हा काढला.

"ज्याला दार माहीत हाय त्याला सांगते," जयवंतीबाई म्हणाल्या. "याच्यासाठी तुझी छत्री दे."

छत्री मोठी आहे, काळी, लाकडी दांड्याची. घरघर ऐकू आली की त्या ती उघडून डोक्यावर धरतात आणि दुसऱ्या हाताने पाणी घेत राहतात, असं सून सांगते. छत्री आता न्हाणीतच खिळ्याला असते. श्रीरंगने कारखान्यात न्यायला दुसरी घेतली.