कोपऱ्यावरची आंबील

ईशा, अन्वय — परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, बेंबळीची जमीन विकून का टाकत नाहीस? तुमच्या बाबाचंही तेच मत आहे. तेव्हा माझी सही मागायच्या आधी हे वाचा.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. भूत, भानामती असलं वर्गात कुणी बोललं तर त्याला बाकावर उभं करायची. आजही करेन. त्यामुळे पुढचं वाचून आजीचं वय झालं असं म्हणायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात शेजारचा गट शेषेरावांनी प्लॉटिंगसाठी घेतला. मोजणी खरेदीच्या आधी करायची, ती त्यांनी नंतर केली... आणि जागा कमी भरली. कमी पडलेली जागा म्हणे आपल्याकडे होती, विहिरीसकट. सरकारी मोजणी लागली. मी गेले.

भर दुपार. मोजणीवाल्या साहेबांनी रस्त्याकडेचा हद्दीचा दगड धरून सुरुवात केली. काठीवर बसवलेलं, उपग्रहावरून जागा दाखवणारं यंत्र होतं. चुन्याची रेघ सरकत सरकत विहिरीच्या अलीकडे, आपल्या ज्वारीच्या रानात आली. शेषेराव हसले. "बाई, तुमी शिकलेल्या. यंत्राला काय सोयरेधायरे असत्यात व्हय?"

मी म्हटलं, पंचनाम्यावर सही करणार नाही.

तेवढ्यात शेषेरावांनीच नाकाला रुमाल लावला. कसला आंबूस वास येतोय, म्हणाले. आपली जमीन बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करणारी कलावती माझ्याकडं बघायला लागली. "बाई, ही तर आंबील हाय. येळवस तर कवाच झाली."

येळवस म्हणजे वेळा अमावस्या, ऐन थंडीतली. त्या दिवशी ताकातली, लसूण-जिऱ्याची आंबील घेऊन माझ्या सासूबाई बांधाबांधानं शिंपडत जायच्या. उरलेली शेवटच्या कोपऱ्यावर ओतायच्या. चांगली आंबील मातीत का घालवता, असं मी म्हणायची. "कोपऱ्याला ठाऊक पाहिजे आपण कोण ते," त्या म्हणायच्या. तो बांध पुढं नांगरटीत गेला, कोपरा मी विसरले.

वास विहिरीच्या पलीकडून, शेषेरावांच्या नांगरलेल्या रानातून येत होता. मी चालत गेले. एका जागी दाट. बाजूला सरकलं की नाही. परत आले, पुन्हा तोच. माती ठणठणीत कोरडी.

"इथं खणा," मी म्हटलं.

"आजी, वासावर मोजणी होत नसते," साहेब म्हणाले.

"खणून तर बघा. काही निघालं नाही तर आत्ता सही करते."

शेषेरावांनीच हौसेनं माणूस लावला. थोडं खाली गेल्यावर कोळसा लागला, चुन्यात दाबलेला. साहेब खाली बसले. जुन्या मोजणीत हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरायचे, म्हणाले. दगड हलला तरी कोळसा कुजत नाही. तिथून मोजल्यावर बाकीचे सगळे कोपरे नकाशाशी जुळले. मग कलावतीला आठवलं — रस्ता रुंद करताना गावातल्यांनीच तो रस्त्याकडेचा दगड उपटला होता, आणि नंतर ट्रॅक्टर वळायला अडचण नको म्हणून सरकवून पुरला होता.

आता गावातले म्हणतात तिथं शेंदूर लावा, छोटं देऊळ बांधा. मी साफ नाही म्हटलं. आणि अन्वय, तू म्हणशील जुनी आठवण, मनाचे खेळ. माझ्या मनाचे असतील रे. पण शेषेरावांनी आमच्या शेतात येळवसेला कधी घासभर खाल्लेलं नाही, आणि वास पहिल्यांदा त्यांना आला. याचा उलगडा मला झालेला नाही. तुम्हाला झाला तर कळवा, पण गिऱ्हाईक पाठवू नका.

कोळशावर नवा दगड बसवला आहे. सातबारा माझ्या नावावर आहे. विहीर आपल्या हद्दीत आहे, आणि तिला पाणी आहे.