सात जॅकिटं आणि माझी कैची

माझ्या मुलीचं चार महिन्यांचं काम मी सव्वा तासात साफ केलं, आणि मधे चहापण प्यालो.

वाईट वाटून घेऊन केलं असतं, भांडून केलं असतं, तर निदान दुश्मन म्हणून नाव तरी झालं असतं. मी ते मदत म्हणून केलं. घरच्या माणसाने मदत केली की पोलिसातपण जाता येत नाही.

आधी माझी शिक्षणाची बाजू सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी चौथीपर्यंत शिकलोय. चौथीत मला मास्तरांनी दोनदा बसवलं आणि तिसऱ्यांदा घरी बसवलं. मग भाईंदर पूर्वेला शर्टाच्या गाळ्यात लागलो आणि तिथे एकतीस वर्षं धागे कापले. शिवून झालेल्या शर्टाला काजाला, बटणाला, शिवणीच्या टोकाला धागे लोंबत असतात, ते एवढ्याशा कैचीने कापायचे. शर्ट उलटा करायचा, परत कापायचे, पुढे ढकलायचा, दुसरा घ्यायचा. (लोक विचारतात, कंटाळा नाही आला? आला ना. पण तोपर्यंत पुढचा शर्ट आलेला असायचा.) आमच्या गाळ्यात एकच नियम होता. लोंबता धागा दिसला की माल परत. धागा म्हणजे चूक, आणि चूक कापायला मी.

मग गाळा भिवंडीला गेला. शेठ बोलला, "काका, आता तुम्ही आराम करा." आराम करा म्हणजे उद्यापासून येऊ नका, हे मला सुनंदाने घरी समजावलं. सुनंदा माझी बायको. तिला समजावायला आवडतं.

तेव्हापासून मी घरीच. तसं मजेत चाललं होतं. इथेच भाईंदरला, आमच्या गोडदेवच्या घरात दोन बिल्डिंगच्या फटीतून सकाळी अर्धा तास ऊन येतं, बरोबर गॅलरीतल्या खुर्चीवर. तेवढ्यात मी चहात खारी बुडवून खातो. खारी तुटून कपात पडायच्या आत तोंडात गेली, की माझा दिवस चांगला गेला. खाली टँकरच्या पाईपवरून बायका काय काय बोलतात ते ऐकायचं, शेजारच्या जिग्नाबेनच्या फोडणीच्या वासावरून त्यांची भाजी ओळखायची, कधी दुपारी तासभर नाक्यावर पत्ते बघायला जायचं. माणसाला अजून काय लागतं?

माणसाला मुलगी लागते, जी नोकरी सोडून घरी येते.

अश्विनी आमची एकुलती एक. कपडे डिझाईन करायचं शिकली, कंपनीत लागली, आणि एक दिवस बोलली, "पप्पा, मी नोकरी सोडली. आता स्वतःचं करणार."

मी विचारलं, "स्वतःचं म्हणजे मालक कोण?"

"मीच."

"आणि कामगार?"

"मीच."

"मग दिवाळीला सुट्टी कोण कोणाकडे मागणार?"

ती बोलली, "पप्पा, चहा प्या."

हॉलमध्ये मशीन आलं, कापडाचे गठ्ठे आले, आणि एक मुंडकं नसलेला पुतळा आला. माझी खाट किचनच्या दारात गेली. पहिल्या दिवशी दुपारी झोपेतून उठलो, समोर उभ्या बाईला बोललो, "बसा ना, सुनंदा येईल आता." दहा मिनिटं मी अवघडून बसलो होतो. बाई काही बसेना.

अश्विनीचं काम मला कळायचं नाही. जुन्या चादरी आणायची, चांगल्या साड्या कापायची, कापडाला भोकं पाडायची. मी एकतीस वर्षं फाटका माल बाजूला काढला आणि ही घरात बसून फाटका माल बनवत होती. ती मला समजवायला यायची. "पप्पा, बघा ना, ह्याची कल्पना अशी आहे की..." आणि मी "हां हां" करायचो. मी कान टँकरकडे ठेवून "हां हां" करण्यात हुशार आहे. आता वाटतं, त्या चार महिन्यांत एकदा जरी "हां" च्या जागी "म्हणजे काय गं?" बोललो असतो, तर हे लिहायची वेळ आली नसती. (लिहितेय जिग्नाबेनची सून. मी बोलतोय.)

तर चार महिने खपून तिने सात जॅकिटं बनवली. एका ऑनलाईन मासिकातून एक मुलगी येणार होती, अश्विनीची मुलाखत घ्यायला आणि फोटो काढायला. ते फोटो बांद्र्याच्या एका दुकानवाल्या बाईंना दाखवायचे आणि बाईंना पटलं, तर अश्विनीचे कपडे दुकानात लागणार. पहिल्यांदाच. त्या आठवड्यात पोरगी नीट जेवलीपण नाही.

त्या दिवशी सकाळी ती त्या मुलीला आणायला स्टेशनला गेली. सुनंदा पार्लरला गेली भुवया करायला. मुलाखत मुलीची, पण फोटोत आपणपण आलो तर, असा तिचा हिशोब. घरात मी आणि पुतळा.

आणि खाटेवर जॅकिटांची पिशवी.

मी बघायचं म्हणून एक बाहेर काढलं आणि गॅलरीच्या उजेडात धरलं. प्रत्येक शिवणीला धागे लोंबत होते. लाल, पिवळे, हिरवे. वीतवीतभर. खिशाला, कॉलरला, बाहीला. दुसरं काढलं, तेच. सातही तशीच. मी मनात बोललो, बिचारी एकटी. शिवता शिवता दमली, फिनिशिंगला वेळच मिळाला नाही. आणि दीड-दोन तासात पाहुणी येणार.

माझी कैची अजून माझ्या उशाखाली असते. का असते, ते विचारू नका.

काय सांगू, काय मजा आली. दोन वर्षांनी हात चालत होता. खच, खच, खच. उलटं करून, कॉलरखालून, बटणामागून. ऊन अंगावर, मधे चहा, खारी. एका जॅकिटाचा खिसा धाग्यांच्या गाठींवरच अडकवलेला होता, तो सुटून हातात आला. मी बोललो, बघ, कसं कच्चं काम. मशीनवर बसून सरळ टीप मारली. एका बाहीचंपण तसंच झालं, तिलापण मारली. मग सातही जॅकिटांना इस्त्री केली आणि घडी घालून पिशवीत ठेवली. धाग्यांचा हा एवढा ढीग झाला. तेवढ्यात खाली कचऱ्याची गाडी आली. मी धागे पिशवीत भरले, स्वतः खाली जाऊन दिले आणि गाडीवाल्याला बजावून सांगितलं, "सूखा है, सूखे में डालना."

सगळे अकराच्या सुमारास आले. मुलाखतवाली तन्वी नावाची गोड मुलगी होती, मराठीच. सुनंदा भुवया उंच करून हसत होती. मी खुर्चीवर. मी विचार करत होतो, अश्विनी पिशवी उघडेल, एकदम बोलेल, "हे कोणी केलं?" आणि मी बोलेन, "कोणी नाही गं, असंच."

तन्वीने फोन मधे ठेवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुझे रोजचे छोटे छोटे आनंद कोणते?"

अश्विनी लाजली. "ते मी तुला लिहून पाठवते. आधी कामाचं विचार."

"मग ह्या जॅकेट्सची कल्पना कुठून आली?"

अश्विनीने माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं. बोलली, "माझे पप्पा गाळ्यात धागे कापायचे. घरी आले की त्यांच्या केसात, बनियनला, चहाच्या कपात धागे असायचे. लहानपणी मी ते वेचायचे आणि डब्यात जमवायचे. त्यांचं काम असं होतं, की नीट केलं तर दिसायचंच नाही. हजारो शर्ट त्यांच्या हातातून गेले, पण त्यांनी काही केलंय हे घालणाऱ्याला कधी कळलंच नाही. मग मी ठरवलं, ह्या कपड्यांचा एकपण धागा कापायचा नाही. जे पप्पांनी आयुष्यभर कापलं, ते सगळं दिसू द्यायचं."

तन्वीचे डोळे भरले. सुनंदाचे भरले. माझे सुकले.

मी बोललो, "आधी पोहे खाऊन घ्या. थंड होतील."

सुनंदा बोलली, "अजून केले कुठेत?"

"मग कर ना. काही घाई नाही. पिशवी कुठे पळून जात नाही."

"पप्पा, एक मिनिट," अश्विनी बोलली आणि तिने पिशवी उघडली.

पहिलं जॅकिट काढलं, खाली ठेवलं. दुसरं काढलं. तिसरं काढताना तिचे हात हळू झाले. सातवं तिने काढलंच नाही. नुसतं पिशवीत हात घालून चाचपलं.

तन्वी बिचारी चांगल्या घरातली. ती बोलली, "छान आहेत. एकदम... स्वच्छ."

"पप्पा, धागे कुठायत?"

"कापले."

"कुठे टाकले?"

"सुक्या कचऱ्यात." मग मला वाटलं, काहीतरी चांगलं पण सांगावं. "ओल्यात नाही टाकले."

मी लुंगीवरच धावलो. गाडी गोडदेव नाक्यापर्यंत पोचलेली. गाडीवाला बोलला, "क्या हुआ चाचा, सोना गिरा क्या?"

"धागा."

"मांजा?"

"नहीं, धागा. कटा हुआ."

त्याने दुसऱ्याकडे बघितलं, दुसऱ्याने आभाळाकडे. पण मनाने चांगले होते, मला वर चढू दिलं. पंधरा मिनिटं उकरून मला मऊमऊ लागणारी एक पिशवी सापडली. मी ती छातीशी धरून दोन जिने चढलो आणि सगळ्यांसमोर खाटेवर ओतली. पार्लरचे केस निघाले. काळे, पांढरे, मेंदी लावलेले. सुनंदाच्या भुवयापण त्यात कुठेतरी असतील.

तन्वीने तरीपण फोटो काढले, सरळ, साफ, इस्त्री केलेल्या सात जॅकिटांचे. बांद्र्याच्या बाईंनी ते बघून कळवलं, काम नीटनेटकं आहे, पण असलं बाजारात सगळीकडे मिळतं. म्हणजे मी फिनिशिंग चांगलंच केलं होतं. माझ्या कामाची तारीफ झाली ती ही एवढीच.

अश्विनी ओरडली नाही. ओरडली असती तर मी पण दोन शब्द बोललो असतो, मग ती चार बोलली असती, आणि संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. आठ दिवस सगळं सुनंदाच्या तोंडून. "मम्मी, पप्पांना सांग पंखा बंद करा." मी चार फुटांवर. मी बोललो, "सुनंदा, तिला सांग, बंद केला." नवव्या दिवशी मी लाल रीळ घेऊन तिच्याजवळ गेलो. "मी लावून देऊ का परत? एकेक करून? मला वेळच वेळ आहे."

ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "पप्पा, तुम्ही फक्त हात लावू नका."

मी माझ्या हातांकडे बघितलं. तसे ते चांगले आहेत दिसायला.

महिन्याने मुलाखत आली. इंग्रजीत. अश्विनी बाहेर गेलेली. मी जिग्नाबेनकडे मोबाईल घेऊन गेलो. "बेन, पढके बताओ, मेरे बारे में कुछ है क्या?"

जिग्नाबेनने चष्मा लावला. वाचत गेल्या, वाचत गेल्या. "भाऊ, धागे का सब लिखा है. पापा का काम, डब्बा... बहोत अच्छा लिखा है."

"काटा वो नहीं लिखा?"

"ना. वो नहीं लिखा."

मला बरं वाटलं. पोरीने बापाची लाज राखली. मग जिग्नाबेन थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"क्या हुआ बेन?"

"कुछ नहीं. चाय पिओगे?"

"बेन, पढो."

"यहाँ पूछा है, रोज की छोटी-छोटी खुशी क्या है."

"हां. तो?"

"अश्विनी ने लिखा है," जिग्नाबेन मोबाईलकडे बघूनच बोलल्या, "दोपहर का वो टाइम, जब पापा घर पे नहीं होते."

त्या दिवसापासून मी रोज दुपारी मुर्ध्याला खाडीवर जाऊन बसतो, दोन ते पाच. मासे धरत नाही, कोणाशी बोलत नाही, कशाला हात लावत नाही. एकतीस वर्षं कामाला होतो, पण कोणाला माझ्या कामाचा रोज आनंद होतोय, असं हे पहिल्यांदाच झालंय. सुट्टी घ्यायला मन होत नाही.